अवजड मालाचा परवाना: रस्त्याची हमी कोणी द्यायची?

विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर, पवनचक्कीचे पाते, तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी घडवलेला धातूचा उंच स्तंभ किंवा पुलाचा अखंड गर्डर रस्त्याने न्यायचा असेल, तर जगात जवळजवळ सर्वत्र त्यासाठी नेहमीच्या कागदपत्रांखेरीज वेगळा परवाना काढावा लागतो. या परवान्याबद्दल जाहीर चर्चा झालीच तर ती वेळेबद्दल होते. वाहतूकदार म्हणतात की परवाना मिळायला आठवडे लागतात आणि तोवर पुलर (ट्रेलर ओढणारी ताकदवान गाडी), ट्रेलर आणि माणसे नुसती उभी राहतात. सरकारी खाती उत्तर देतात की आता अर्ज ऑनलाइन झाला आहे, पूर्वीसारखे खेटे घालावे लागत नाहीत. परवाना लवकर मिळावा, ही मागणी रास्तच आहे. पण हातात पडलेला परवाना नेमके काय सांगतो, हा प्रश्न या वादात मागे पडतो. हा माल, या ट्रेलरवर, या रस्त्याने, या वेळी सुखरूप जाऊ शकतो, हे कोणीतरी तपासले आहे आणि तसे सांगण्याची जबाबदारी घेतली आहे, एवढा अर्थ त्या कागदात नसेल, तर ती केवळ शुल्क भरल्याची पावती ठरते. रस्त्याची माहिती ज्याच्याकडे असते, त्यानेच रस्त्याची हमी द्यायला हवी; आणि पुलाची ताकद, कमानीची उंची, रेल्वे फाटकाची रचना ही माहिती वाहतूकदाराकडे नसते, रस्त्याच्या मालकाकडे असते.

वजनाच्या आणि आकाराच्या मर्यादा देशोदेशी वेगळ्या आहेत. युरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशानुसार सर्वसाधारण मालवाहनाची रुंदी २.५५ मीटर, उंची ४ मीटर, जोडवाहनाची लांबी १६.५ मीटर आणि एकूण वजन साधारणतः ४० टन धरले जाते. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर हे वजन ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन आहे. भारतात २०१८ च्या फेरबदलानंतर ते जोडवाहनांसाठी ५५ टनांपर्यंत गेले. आकडे वेगळे असले तरी त्यांच्यामागची कारणे सगळीकडे दोनच आहेत, आणि त्या दोन्हींची गल्लत केल्यामुळे परवान्याची धोरणे फसतात.

पहिले कारण रस्त्याच्या पृष्ठभागाचे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या वळशांवर निरनिराळ्या वजनांचे ट्रक सतत फिरवून रस्ता कसा झिजतो, याची मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा की, एका अॅक्सलवरचा, म्हणजे दोन बाजूंची चाके जोडणाऱ्या आसावरचा, भार वाढला की रस्त्याची झीज त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. रस्त्याच्या प्रकारानुसार हा घात कमीजास्त होतो, हे पुढील अभ्यासकांनी दाखवले आहे. तरीही धोरण ठरवायला तो पुरेसा बोलका आहे. अॅक्सलवरचा भार दुप्पट झाला तर झीज सोळापट होते, आणि केवळ दहा टक्के जास्त भार घातला तर झीज जवळपास ४६ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच दोनशे टनांचा माल भरपूर अॅक्सलांवर नीट वाटून नेणारा हायड्रॉलिक ट्रेलर पाहून लोक धास्तावतात, पण रस्त्याच्या डांबराला तो अनेकदा मर्यादेपेक्षा थोडेसेच जास्त भरलेल्या साध्या ट्रकपेक्षा कमी जाचक असतो.

दुसरे कारण पुलाचे, आणि तिथे हिशेब निराळा असतो. पुलाच्या गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या भागावर, एका वेळी एकूण किती वजन येते आणि ते किती लांबीत पसरलेले असते, यावर सगळे अवलंबून असते. अमेरिकेने १९७४ मध्ये कायद्यात आणलेले पुलांचे सूत्र याच तत्त्वावर उभे आहे: अॅक्सलांची संख्या आणि पहिल्या व शेवटच्या अॅक्सलमधील अंतर वाढले की अनुज्ञेय वजनही वाढते. त्यामुळे रस्त्याला न दुखावणारा ट्रेलर एखाद्या जुन्या पुलाच्या मुळावर येऊ शकतो. परवाना देणारे कार्यालय नुसते एकूण टन आणि अॅक्सलमागचे टन पाहून शिक्का मारत असेल, तर त्याने झिजेचा हिशेब केला, पुलाचा केलाच नाही.

आता परवाना कोणाला द्यावा, याविषयी. सर्वत्र मान्य तत्त्व असे की ही सवलत अविभाज्य मालासाठी आहे. अविभाज्य म्हणजे काय, याची अमेरिकेच्या संघीय नियमातील व्याख्या मला विशेष उपयुक्त वाटते. मालाचे तुकडे केल्यास त्याचा ठरलेला उपयोग होणार नाही, किंवा त्याचे मोलच नष्ट होईल, किंवा योग्य साधने वापरूनही तो सुटा करायला आठ तासांहून अधिक काम लागेल, तर तो अविभाज्य. ही व्याख्या मोजता येते, तिच्यावर वाद घालता येतो आणि अर्जदाराला पुरावा मागता येतो. ट्रान्सफॉर्मरचे उदाहरण घेतले तर कारखान्यातून निघण्यापूर्वीच त्यातील तेल काढून आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरलेला असतो, बुशिंग (विजेची जोडणी टाकीबाहेर आणणारे विद्युतरोधक भाग) आणि रेडिएटर उतरवून वेगळ्या गाड्यांवर पाठवलेले असतात, आणि वाटेत बसणारे धक्के नोंदवणारे यंत्र टाकीला लावलेले असते. उतरवता येण्याजोगे सगळे उतरवूनही जे शिल्लक राहते, त्यासाठी परवाना मागितला जातो. अशा अर्जाला अडवणूक करणे म्हणजे वीजकेंद्रच नको म्हणण्यासारखे आहे.

मात्र याच खिडकीतून सुट्या मालालाही वाट देण्याची पद्धत ठिकठिकाणी रूढ झाली आहे. लाकूड, खडी, शेतमाल, कोळसा असा सहज दोन खेपांत नेता येणारा माल वार्षिक शुल्क भरून मर्यादेबाहेर नेण्याची मुभा अमेरिकेतील काही राज्ये देतात, आणि जिथे अशी कायदेशीर मुभा नाही तिथे ती बिनकागदी मिळवली जाते. याला माझा स्पष्ट विरोध आहे. अविभाज्य मालाची खेप क्वचित होते, डोळ्यांत भरते, मोजली जाते. सुट्या मालाचा जादा भार रोज, त्याच रस्त्यावरून, कोणाच्या लक्षात न येता जातो, आणि चौथ्या घाताचा ठोकताळा खरा धरला तर रस्त्याची वाट लावतो तो हाच. दोन्हींना परवाना हा एकच शब्द वापरल्याने खऱ्या गरजूच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते.

परवाना चांगला असला म्हणजे काय असते, हे एका पुलापाशी उभे राहून पाहिले की कळते. अभियंत्याने गाळ्याचा हिशेब करून अट घातलेली असते की ट्रेलरने पुलाच्या मध्यरेषेवरूनच जायचे, माणसाच्या चालीने जायचे, पुलावर ब्रेक लावायचा नाही आणि गिअर बदलायचा नाही, आणि त्या वेळी गाळ्यावर दुसरे एकही वाहन असता कामा नये. मध्यरेषा यासाठी की भार सर्व गर्डरांवर सारखा वाटला जावा. मंद चाल यासाठी की उसळीमुळे वाढणारा गतिमान भार जवळपास शून्यावर यावा. ब्रेकची मनाई यासाठी की आडवा धक्का गर्डर ज्यावर टेकतो त्या बेअरिंगला सोसावा लागू नये. एस्कॉर्ट गाडी पुढे जाऊन समोरची वाहतूक थोपवते, पुलर पहिल्या गिअरमध्ये पुलावर चढतो, ट्रेलरशेजारून चालणारी माणसे हायड्रॉलिकच्या दाबाचे काटे पाहत जातात, आणि पलीकडच्या टोकाला शेवटचा अॅक्सल उतरेपर्यंत कोणी घाई करत नाही. जो पूल नेहमीच्या हिशेबात नापास ठरला असता, तो या चार अटींमुळे पास होतो. कार्यालयात बसून नकार देणे सोपे असते आणि न पाहता होकार देणे त्याहून सोपे. अशी अट लिहायला मात्र पूल माहीत असावा लागतो.

तो माहीत नसताना दिलेल्या होकाराचे काय होते, हे २३ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात दिसले. स्कॅजिट नदीवरच्या १९५५ साली बांधलेल्या पोलादी पुलावरून एक उंच पेटीवजा माल घेऊन ट्रक निघाला होता. त्याच्याकडे राज्याचा रीतसर परवाना होता. तो ऑनलाइन यंत्रणेतून काढलेला होता आणि त्या मार्गावरील उंची मालाला पुरते की नाही, हे राज्याने तपासलेले नव्हते. उलट उंचीची हमी दिलेली नाही, असा उल्लेख परवान्यावरच होता. पुलाच्या माथ्यावरच्या आडव्या तुळया मध्यभागी उंच आणि कडेला खाली उतरत जाणाऱ्या होत्या, म्हणजे डावीकडच्या मार्गिकेतून तोच ट्रक पार झाला असता. तो उजव्या मार्गिकेत होता. पुढे उंची मोजणारी काठी लावलेली पायलट गाडी होती, पण तिची चालक फोनवर बोलत होती. माल एकामागून एक तुळयांना धडकला आणि पुलाचा एक गाळा नदीत कोसळला. दोन गाड्या पाण्यात गेल्या, तिघांना वाचवण्यात आले, सुदैवाने कोणी दगावले नाही. तात्पुरता गाळा बसवून १९ जूनला रस्ता पुन्हा सुरू होईपर्यंत देशातील एक प्रमुख महामार्ग बंद राहिला.

चालक चुकला, पायलट चुकली, यात शंका नाही. पण त्या पुलाची प्रत्येक मार्गिकेवरची उंची कोणाला माहीत असायला हवी होती? पूल राज्याचा, आराखडे राज्याकडे, तपासणीचे अहवाल राज्याकडे. परदेशातून माल घेऊन त्या वाटेने जाणाऱ्या ट्रकचालकाने ती स्वतः शोधून काढावी, अशी अपेक्षा करणारी यंत्रणा वेगवान म्हणता येईल. सुरक्षित म्हणता येणार नाही. ‘डाव्या मार्गिकेतूनच जावे’ एवढी एक ओळ परवान्यात असती तर पूल उभा राहिला असता. ती ओळ लिहिण्यासाठी लागणारी माहिती सरकारदरबारी होती, परवान्यापर्यंत पोहोचली नव्हती, आणि माझ्या मते या दुर्घटनेत चालकाच्या चुकीपेक्षा हीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

केवळ मार्ग मंजूर करून भागत नाही, हे त्याच्या कितीतरी आधी ब्रिटनमध्ये सिद्ध झाले होते. ६ जानेवारी १९६८ रोजी स्टॅफर्डशायरमधील हिक्सन येथे १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन जाणारे, पुढे-मागे पुलर जोडलेले आणि सुमारे ४५ मीटर लांबीचे वाहन रेल्वेचे स्वयंचलित फाटक ओलांडत होते. सोबत पोलिसांची गाडी होती. वर विजेच्या तारा असल्यामुळे सगळ्यांचे लक्ष माल तारेला लागत तर नाही ना याकडे होते, आणि वाहन ताशी दोन मैलांच्या गतीने सरकत होते. त्या गतीने स्वतःची लांबी पार करायलाच त्याला पन्नास सेकंद लागणार होते. गाडी येत असल्याची सूचना मात्र फाटकावर केवळ २४ सेकंद आधी मिळत असे. असे वाहन नेण्यापूर्वी फाटकावरच्या फोनवरून सिग्नलवाल्याला कळवायचे होते. ते ना चालकाला उमगले होते ना पोलिसांना. एक्स्प्रेस गाडी येऊन धडकली आणि ११ जण ठार झाले. १८७९ मध्ये स्कॉटलंडमधील टे हा रेल्वेपूल कोसळला, त्या दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये रेल्वे अपघाताची अशा स्वरूपाची जाहीर न्यायालयीन चौकशी पुन्हा याच वेळी झाली.

पन्नास आणि चोवीस हे दोन आकडे एका कागदावर शेजारी लिहिले गेले असते, तर दहावीतल्या मुलालाही धोका दिसला असता. पण वाहनाची लांबी आणि गती रस्त्याच्या खात्याकडे होती, फाटकाची वेळ रेल्वेकडे होती, आणि सोबत गेलेल्या पोलिसांपर्यंत यातले काहीच नीट पोहोचले नव्हते. परवाना देणारी संस्था ही अशा विखुरलेल्या माहितीला एकत्र आणणारी जागा असली पाहिजे. अर्जदाराला रेल्वे, वीज, दूरसंचार, पूल विभाग आणि पोलीस यांच्याकडून एकेक ना हरकत पत्र गोळा करायला लावणे आणि मग सगळी पत्रे फायलीत लावून परवाना देणे, याला माहिती एकत्र आणणे म्हणत नाहीत. प्रत्येक पत्र आपापल्या हद्दीपुरते बरोबर असते. धोका हद्दींच्या मधल्या फटीत असतो.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सरकारने रस्त्याची हमी दिली, तर प्रत्येक अपघातानंतर भरपाईचा दावा सरकारवर येईल. मग अधिकारी घाबरून परवाना देणेच थांबवतील, आणि आज आठवडे लागतात तिथे महिने लागतील. ब्रिटनने वेगळा मार्ग पत्करला आहे. तिथे १५० टनांपर्यंतच्या बहुतेक मालासाठी वेगळा परवाना लागत नाही. वाहतूकदाराने पोलिसांना दोन पूर्ण कामाचे दिवस आधी आणि रस्ते व पुलांच्या प्राधिकरणांना वजनानुसार दोन किंवा पाच दिवस आधी सूचना द्यायची, आणि नुकसान झाल्यास भरपाई देण्याचे हमीपत्र सोबत जोडायचे. १५० टनांच्या वरच्या मालासाठी मात्र खास आदेश लागतो आणि त्यासाठी दहा आठवडे आधी अर्ज करावा लागतो.

या पद्धतीत शहाणपण आहे, कारण ती साध्या आणि अवघड खेपांना वेगळे करते. पण तिच्यातही पुलाच्या मालकाला सूचना मिळाल्यावर हरकत घेता येते, आणि त्याने मुदतीत पाहिलेच नाही तर धोका पुन्हा ट्रेलरवाल्याच्या माथी येतो. जबाबदारी वाटून घेण्याची रेघ मला वेगळ्या ठिकाणी ओढावीशी वाटते. मालाचे वजन, उंची, अॅक्सलांमधील अंतर, माल बांधण्याची पद्धत, चालकाचे वर्तन ही सर्वस्वी वाहतूकदाराची बाब. त्याने खोटे मोजमाप दिले तर सगळे त्याच्यावर. दिलेल्या मोजमापाचा माल त्या मार्गावरच्या पुलांना, कमानींना आणि फाटकांना चालतो की नाही, ही सर्वस्वी परवाना देणाऱ्याची बाब. ‘उंचीची हमी नाही’ असे छापण्याची सोय त्याला असू नये. दावे वाढतील ही भीती खरी असेल, तर तिचा अर्थ एवढाच की आज ते नुकसान दुसरे कोणीतरी सोसत आहे.

वेळेच्या प्रश्नाकडे आता पाहू, कारण हमी आणि वेग यांत विरोध आहे असे गृहीत धरले जाते. जर्मनीत अशा मालाचे अर्ज एका सामाईक ऑनलाइन यंत्रणेतून केले जातात, तरीही पवनऊर्जा क्षेत्रातील कंपन्या वर्षानुवर्षे विलंबाची तक्रार करत आल्या आहेत. अर्ज क्षणात पोहोचतो, पण त्यामागे प्रत्येक पुलाचा हिशेब करणारे हात कमी आहेत आणि पूल म्हातारे झाले आहेत. ल्यूडेनशाइडजवळचा ए-४५ महामार्गावरील राहमेडे पूल डिसेंबर २०२१ मध्ये सर्व वाहतुकीला बंद करावा लागला आणि ७ मे २०२३ रोजी स्फोटकांनी पाडण्यात आला. असा एक पूल नकाशावरून गेला की अवजड मालाला लांबचा वळसा पडतो, वळशावरचे सगळे पूल नव्याने तपासावे लागतात, आणि त्या कामाने टेबलावरचे बाकीचे अर्ज मागे सरकतात. विलंबाचे मूळ फायलीत शोधणाऱ्यांनी ते पुलाखाली जाऊन शोधावे.

उपाय अवघड नाहीत, महाग मात्र आहेत. एकाच पुलाचा हिशेब प्रत्येक अर्जासाठी नव्याने करणे थांबवून बंदरे, जड कारखाने, वीजकेंद्रे आणि मोठे प्रकल्प यांना जोडणारे काही ठरावीक मार्ग आधीच तपासून ठेवता येतात. अमुक अॅक्सलरचनेचा, अमुक टनांपर्यंतचा माल तिथून कोणत्या अटींवर जाईल, हे तक्त्यातच लिहिलेले असावे. अशा मार्गावरचा परवाना काही मिनिटांत निघायला हरकत नाही, कारण त्यामागचा विचार आधी झालेला असतो. मार्गावरच्या प्रत्येक कमानीची प्रत्येक मार्गिकेवरची मोजलेली उंची सर्वांना पाहता यावी. रस्त्यावर नवा डांबरी थर चढला की कमानीखालची उंची तेवढी कमी होते, ही साधी गोष्ट नोंदवायला बहुतेक ठिकाणी कोणी जबाबदारच नसतो. तक्त्याबाहेरच्या मालासाठी अभियंत्याचा वेळ लागेल, तो लागू द्यावा, पण त्याची मुदत ठरलेली असावी आणि नकार दिला तर कोणत्या पुलाच्या कोणत्या गाळ्यामुळे दिला, हे लिहून द्यावे. कारण लिहिलेला नकार मिळाला की वाहतूकदार अॅक्सल वाढवून, ट्रेलर बदलून किंवा वळसा घेऊन पुन्हा अर्ज करू शकतो. नुसता ‘नामंजूर’ हा शेरा मिळाला की तो दलाल शोधतो.

हे सगळे शुल्कातून भागवता येईल का? काही प्रमाणात. अमेरिकेतील ऑरेगन राज्य जड वाहनांकडून वजन आणि अंतर यांच्या हिशेबाने कर घेते. सपाट वार्षिक शुल्कापेक्षा हे न्याय्य आहे, कारण झीजही वजन आणि अंतर यांवरच अवलंबून असते. परंतु परवाना शुल्क हे महसुलाचे साधन बनले की कार्यालयाला अधिक परवाने देण्यात रस वाटू लागतो, आणि जादा भाराच्या दंडातून उत्पन्न मिळू लागले की जादा भार बंद होण्यात कोणाचेच हित उरत नाही. म्हणून शुल्क दोन भागांत घ्यावे: एक तपासणीच्या प्रत्यक्ष खर्चाचा, दुसरा झिजेचा, आणि दोन्ही त्या मार्गाच्याच खात्यात जमा व्हावेत.

एक मुद्दा उरतो, ज्याकडे परवाना देणारे क्वचितच पाहतात. परवान्यात मार्ग आणि वेळ लिहिलेली असते, थांबण्याची जागा नसते. अनेक ठिकाणी अशा खेपा रात्रीच चालू शकतात. गर्दीच्या वेळी, दाट धुक्यात, जोराच्या वाऱ्यात त्यांना बंदी असते. ऐंशी मीटर लांबीचे पाते घेऊन निघालेल्या गाडीला पहाटे जिथे वेळ संपते तिथे बाजूला व्हायला तेवढीच लांब जागा लागते, आणि ती नसली की चालकापुढे दोनच पर्याय असतात: नियम मोडून पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत जाणे, किंवा चालू रस्त्याच्या कडेला अर्धवट उभे राहणे. वजन कमी असूनही पाती याच कारणाने ट्रान्सफॉर्मरपेक्षा अधिक अडचणीची ठरतात. चालकाच्या विश्रांतीचे तास कायद्याने ठरवलेले असतात, एस्कॉर्ट बदलण्याची जागा हद्दींवरून ठरते, आणि या दोन्हींचा मेळ घालून गाडी कुठे उभी करायची हे मात्र त्याच्यावर सोडलेले असते. मार्ग तपासताना दर रात्रीच्या टप्प्यावर अशी एक मोकळी, पक्क्या जमिनीची, वरून तारा न जाणारी जागा नेमून ती परवान्यात नावानिशी लिहिली पाहिजे, आणि ती मिळत नसेल तर त्या टप्प्यासाठी परवाना देऊ नये.